आयोडीनला विचारलंस?

परवा इथे पुण्यातल्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या मुलीने माल तपासायची एक छोटी प्लेट अतिनील दिव्याखाली धरली, "काही नाही यात" म्हणाली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून चहाला गेली. मला पटकन बोलता येत नाही. ती गेल्यावर मी प्लेट डब्यातून काढली आणि आयोडीनच्या बरणीत उभी केली. हळूहळू पांढऱ्या थरावर तपकिरी ठिपका उमटला, चांगला टपोरा. मी प्लेट तिच्या टेबलावर ठेवून दिली. माझ्या जागी वनिताताई असत्या तर त्यांनी त्या मुलीला टपरीवरून अर्ध्या चहातून उठवून आणलं असतं.

वनिता म्हात्रे. मीरा रोडला पेणकरपाड्याच्या मागे इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथल्या एका गाळ्यात आमची लहानशी प्रयोगशाळा होती. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे, आणि पहिल्या मजल्यावर आम्ही. नवीन औषधं शोधणाऱ्या कंपन्यांना लागणारे रेणू आम्ही थोडे थोडे बनवून द्यायचो. मालक नायर सर. मशीन सांभाळायला नया नगरचा इम्रान. मी एम.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली. आणि खिडकीपाशी, लिंकरच्या टेबलावर, वनिताताई.

त्यांचं माहेर मुर्ध्याचं, सासर पेणकरपाड्याच्या जुन्या गावात. एम.एस्सी. त्यांनी लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर केलं होतं. पन्नाशीच्या, बुटक्या, चालणं भरभर. सकाळी आल्या आल्या त्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून लोखंडी स्टँडच्या दांडीत ओवायच्या, मग हातमोजे घालायच्या. संध्याकाळी निघताना बांगड्या परत हातात. त्यामुळे ताई आत आहेत की घरी गेल्या हे स्टँडकडे बघितलं की कळायचं. नायर सरही आधी स्टँडकडे बघायचे आणि मग हाक मारायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक प्लेट दिली आणि दिवा लावला.

"काय दिसतंय?"

"नथिंग," मी म्हटलं.

"नक्की?"

मी पुन्हा बघितलं. "काहीच नाही."

"आता आयोडीनला विचार."

बरणीत तळाशी काळसर खडे होते. प्लेट आत उभी केली, झाकण लावलं, आणि पाचसहा तपकिरी ठिपके एकाखाली एक दिसायला लागले.

"आपला माल दिव्याला दिसत नाही," ताई म्हणाल्या. "दिव्याचा दोष नाही, त्याचा स्वभाव तसा. पण दिव्याला दिसलं नाही म्हणून तू 'नाही' म्हणायचं नाहीस. 'दिव्याला दिसलं नाही' एवढंच म्हणायचं."

पुढे 'आयोडीनला विचारलंस?' हे मी त्यांच्या तोंडून कुठेही ऐकलं. वडापाववाला पाव ताजा आहे म्हणाला तरी. बिल्डरने सोसायटीला सहा महिन्यांत पाणी येईल असं सांगितलं तरी. नायर सर कधी खुशीत येऊन म्हणायचे, "म्हात्रे मॅडम, क्लायंट एकदम खूश हाय आपल्यावर," तेव्हाही त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आयोडीनला विचारलं का सर?"

लिंकर म्हणजे काय ते मला पुस्तकातून माहीत होतं, इंग्रजीत. खरं समजलं ते ताईंकडून. काही आजारांत पेशीतलं एखादं प्रथिन बिघडतं आणि जायचं नाव घेत नाही. जुन्या पद्धतीची औषधं त्याला नुसतं अडवून धरतात. ही नवी औषधं त्याची विल्हेवाट लावतात, तीही पेशीच्याच हातून, कारण नको असलेली प्रथिनं मोडून टाकायची सोय पेशीत आधीपासून असते. म्हणून या औषधाच्या रेणूला दोन टोकं. एक टोक बिघडलेलं प्रथिन पकडतं, दुसरं पेशीच्या त्या सोयीला धरून आणतं. मधे जी दोरी, तो लिंकर.

"आपण कचरा उचलत नाही," ताई म्हणायच्या. "आपण फक्त कचरा आणि घंटागाडी समोरासमोर आणतो. पुढचं गाडीवाला बघतो. पण त्याचा हात पोचला पाहिजे. दोरी आखूड पडली तर गाडी गल्लीत शिरत नाही. जास्त लांब झाली तर गाडी नाक्यावर आणि कचरा आपल्या दारात."

दोरी बनते एकसारख्या कड्या जोडून. 'कडी' हा शब्दही त्यांचाच, मी तोवर 'युनिट' म्हणायचे. अशाच कड्यांच्या साखळ्या क्रीममध्ये असतात, पोट साफ होण्याच्या पावडरीत असतात, पण तिथे लहान-मोठ्या साखळ्यांची भेळ असली तरी चालते. औषधाच्या रेणूत भेळ चालत नाही. आठ कड्या मागितल्या तर सगळ्या साखळ्या आठाच्याच हव्यात, सात नको, नऊ नको. तयार झालेला लिंकर दिसायला साधं पारदर्शक तेल. ताई बाटली घट्ट बंद करून उलटी धरायच्या आणि आतला बुडबुडा वर चढताना बघत उभ्या राहायच्या. आखूड साखळीत बुडबुडा पळतो, लांब साखळीत तो रमत गमत जातो. त्याच्यावरून त्या कधी निष्कर्ष काढत नसत, पण बघायच्या मात्र रोज. "ओळख ठेवावी," म्हणायच्या.

हे तेल हवेतलं पाणी शोषतं आणि आमच्याकडची हवा खाडीची, कायम ओलसर. म्हणून बाटल्या भरायचं काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत. बाटलीला पट्टी, वर प्लास्टिक, मग कागद, पुन्हा प्लास्टिक, आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात.

"ताई, ये तो बोंबील पॅक करने का तरीका है," इम्रान म्हणाला.

"मग कुठून शिकले मी? पावसाळ्याच्या आधी सासूबाई असेच भरतात. वर्षात एक बोंबील नरम पडत नाही."

"क्लायंटको बास आयेगी."

"आली तर म्हणावं, धन्यवाद दे. पेणकरपाड्याचा माल आहे."

त्याच वेळी सासूबाईंचा फोन आला. ताईंच्या हातात मोजे असल्यामुळे मी तो स्पीकरवर लावला. "न्हाय आई, आज उशीर हाय," त्या एकदम वेगळ्या आवाजात बोलल्या. "तुमी जेवून घ्या. डबा उन्हातून काढलाव का?" फोन बंद झाला आणि पुढच्याच वाक्याला त्या मला द्रावकाचं प्रमाण सांगायला लागल्या. मी घरी एक भाषा, कॉलेजात एक भाषा असं करून दोन्हीकडे अवघडून बोलणारी. मला त्यांचं हे येणंजाणं बघत राहावंसं वाटायचं.

आठ कड्यांच्या लिंकरचं काम आलं ते माझ्या दुसऱ्या वर्षी. परदेशातली कंपनी, आमच्यासाठी मोठं काम. नायर सरांनी आम्हाला टेबलाभोवती बोलावून स्पष्ट सांगितलं. बाहेरून तयार लिंकर मागवणं त्यांना सोपं पडत होतं. हे काम नीट गेलं तर लिंकरचं टेबल चालू राहील. नाही गेलं तर ते बंद, आणि म्हात्रे मॅडम पॅकिंग आणि कागदपत्रं बघतील.

"पॅकिंग तो आप वर्ल्ड क्लास करते हो," ते हसून म्हणाले. वातावरण हलकं करायचा त्यांचा प्रयत्न होता.

ताई हसल्या नाहीत. "टेबल राहील सर," एवढंच म्हणाल्या.

साखळी वाढवताना एक अट असते. शेवटच्या कड्या जोडताना फ्लास्क थंड, शून्याच्या खालीच ठेवावा लागतो. गरम झालं की साखळी शेवटची कडी सोडून देते, पाल शेपूट टाकते तशी. नेमकी त्या दिवशी दुपारी वीज गेली. थंड करणारं यंत्र बंद पडलं. ताईंनी फ्लास्कला हात लावून बघितला, खिडकीतून खाली बघितलं. पॉलिशवाल्यांची मशीनंही थांबली होती. "येईल इतक्यात," त्या म्हणाल्या. "एवढ्याने काही होत नाही." वीज खरंच थोड्या वेळात आली. काम पुढे गेलं. तेल छान स्वच्छ निघालं, बुडबुडा रमत गमत चढला.

इम्रानच्या मशीनवर एकच उभी, सरळ रेघ आली, म्हणजे माल एकच, भेळ नाही. आम्ही समोसे खाल्ले. रेणूच्या वजनाचा रिपोर्ट बाहेरच्या प्रयोगशाळेतून यायचा होता, तो कुरिअर यायच्या आदल्या दिवशी आला. त्यात आठाची उंच रेषा होती आणि तिच्या डावीकडे एक बुटकी रेषा, बरोबर चव्वेचाळीसने कमी. चव्वेचाळीस म्हणजे एका कडीचं वजन.

"वो मशीन में टूटता है," नायर सर म्हणाले. "होतं असं. सगळ्या लिंकरला होतं."

ते खोटं नव्हतं. वजन करणाऱ्या मशीनमध्ये साखळी कधी कधी तुटते आणि अशीच रेषा दिसते. इम्राननेही मान हलवली. त्याच्या मशीनवर तर रेघ एकच होती.

ताई रिपोर्ट हातात घेऊन उभ्या होत्या. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बांगड्या, ज्या त्यांनी निघायच्या तयारीने हातात घातल्या होत्या, परत दांडीत ओवल्या.

"मशीनमध्ये तुटतं की बाटलीतच आहे, ते बघूया," त्या म्हणाल्या.

प्लेटच्या टोकाशी माल टेकवून ती द्रावकात उभी केली की माल वर चढतो, पण सात आणि आठ इतके सारखे असतात की जवळजवळ बरोबरीनेच चढतात. एकदा चढवलं तर एकच ठिपका. ताईंनी प्लेट चढवली, वाळवली, त्याच द्रावकात पुन्हा चढवली, पुन्हा वाळवली, पुन्हा चढवली. तेवढ्या वेळात सुद्धा त्या बसल्या नाहीत. मग प्लेट बरणीत. आम्ही तिघं बघत होतो. ठिपका उमटला, पण गोल नव्हता. मधे कंबर होती. भुईमुगाची शेंग असते तसा.

इम्रान हळूच म्हणाला, "ताई, दो दाने."

"दोन दाणे," ताई म्हणाल्या. "वीज गेली तेव्हा शेपूट टाकलं. मी बघत उभी होते आणि म्हटलं, एवढ्याने काही होत नाही."

त्या प्लेट घेऊन नायर सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. सर बराच वेळ प्लेट बघत होते.

"कॉलम करके, नली से छान के अलग नहीं होगा?"

"हातात हात घालून उतरतात दोघं. अर्ध्याहून जास्त माल जाईल आणि तरी खात्री नाही. नवीन करावं लागेल."

"मॅडम, उद्या कुरिअर आहे. रिपोर्टमध्ये बसतंय. क्लायंट इतकं बारीक बघणार पण नाय."

"तो नाही बघणार. त्याचं औषध बघेल. तिकडे ते महिनोन्‌महिने डोकं फोडत बसतील की आठ कड्यांवर काम का होत नाही. दोरी लांब करतील, आखूड करतील, आणि चूक आपल्या बाटलीत."

"आणि त्याने ऑर्डर कॅन्सल केली तर? टेबल मला ठेवता येणार नाय. मी आधीच बोललो होतो."

"बोलला होतात," ताई म्हणाल्या. "बंद करा मग. पण सात मिसळलेलं आठ म्हणून माझ्या टेबलावरून जाणार नाही."

नायर सर वाईट माणूस नव्हते. ते चिडले, खिडकीपाशी गेले, परत आले. "मेल तुम्ही लिहा," म्हणाले. "मैं नहीं लिखेगा."

ताईंनी मेल लिहिला आणि इंग्रजी बघायला मला बोलावलं. त्यांचं इंग्रजी बरोबरच होतं, थोडं रोखठोक. मी दोन ठिकाणी सौम्य केलं. एका वाक्यात 'स्लाईट' घातलं.

"हे स्लाईट कशाला?"

"जरा... पोलाईट वाटतं."

"पोलाईट मी फोनवर असते. इथे सात आहे. थोडं सात आणि जास्त सात असं नसतं. काढ."

मी काढलं. चूक कोणाची हे लिहायची गरज नव्हती, तरी त्यांनी एक वाक्य वाढवलं: थंडावा तुटला तेव्हा काम थांबवायला हवं होतं, ते मी थांबवलं नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

उत्तर एका ओळीचं आलं. पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत थांबतो, त्यापुढे नाही.

मग ताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यंत्रावरचा विश्वास काढून घेतला. "विजेच्या भरवशावर नाही राहायचं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरल्या त्या गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी घेऊन. मासळीवाले जिथून बर्फ घेतात तिथून आणली होती. गोणपाटाला खवले चिकटलेले. दुसऱ्या पिशवीत जाडं मीठ. ताईंचे वडील मिठागरावर होते. मीठ हातावर घेऊन दाणा बघायची त्यांची सवय तिथली होती.

"बर्फात मीठ घातलं की शून्याच्या खाली जातं, हे शाळेत शिकलीस ना?"

"हो."

"मग शाळेत शिकलेलं कधी वापरणार?"

लाटण्यासारखी एक लाकडी मोगरी त्यांनी घरून आणली होती. इम्रान जिन्यात बसून बर्फ फोडायचा, मी मीठ मिसळायचे, ताई फ्लास्कपाशी. थर्मामीटरवरून त्यांची नजर हलत नव्हती. बर्फ वितळला की पाणी काढून नवीन घालायचं. यंत्रही चालू होतं, पण ताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. खालच्या खोकीवाल्यांनी जिन्यातून पाणी ठिबकताना बघून विचारलं, "ऊपर मच्छी का धंदा चालू किया क्या?" इम्रान म्हणाला, "हाँ, एकदम ताज़ी. आठ नंबर."

त्या आठवड्यात वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा सगळी इस्टेट थांबली आणि आमचा फ्लास्क थांबला नाही.

शेवटची प्लेट ताईंनी स्वतः चढवली नाही, मला दिली. तीनदा चढवायची होती. मी चार वेळा चढवली. बरणीत ठेवली आणि आम्ही सगळे वाकून उभे राहिलो, नायर सरसुद्धा. ठिपका उमटला. गोल. मी प्लेट बाहेर काढून उजेडाला धरली, उलटसुलट करून बघितली. गोलच. ताईंनी ती माझ्या हातातून घेतली, बघितली आणि म्हणाल्या, "आता भरायला घेते." शाबासकी कोणालाच नाही, स्वतःलाही नाही. बोंबलासारखी बाटली भरली आणि डबा कुरिअरवाल्याच्या हातात दिला.

त्यानंतर कंपनीकडून काहीच आलं नाही. पोचल्याची पोच आली, बस. दुसरी ऑर्डर नाही. नायर सरांनी दुसऱ्या कामासाठी बाहेरून तयार लिंकर मागवला, आणि मग परत मागवला. पावसाळ्यानंतर लिंकरच्या टेबलावर प्लास्टिक घातलं गेलं. ताई पुढच्या खोलीत पॅकिंगच्या टेबलावर बसायला लागल्या. कामात हयगय नव्हती, तक्रार नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीत त्या रोज आत जायच्या, प्लास्टिक उचलायच्या, आयोडीनच्या बरणीचं झाकण घट्ट आहे ना ते बघायच्या आणि प्लास्टिक परत सारखं करायच्या.

एकदा मी धीर करून विचारलं, "ताई, तो मेल पाठवला नसता तर..."

"तर टेबल असतं," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्यावर बसून मी काय केलं असतं?" मग माझ्याकडे बघून, "येईल काम. आठ ज्यांना खरंच लागतात ते शोधत येतात."

"नक्की?"

"नाही. आयोडीनला कुठे विचारलंय."

त्याच सुमारास माझी पुण्याला पीएच.डी.ची निवड झाली. निघायच्या दिवशी ताईंनी मला लोणच्याची बरणी दिली, चार पदरी बांधलेली. पुण्याला मी ती उघडायला अर्धा तास घेतला. नंतर कधी मेसेज केला नाही. मला करता आला नाही, आणि त्या तर कोणालाच करत नसत. टेबलाचं काय झालं हे इम्रानला विचारता आलं असतं, पण उत्तर नको असलं की मी प्रश्नच विचारत नाही.

यंदा दिवाळीनंतर मीरा रोडला घरी होते. आईने चकल्यांचा डबा दिला, तो घेऊन इस्टेटमध्ये गेले. फाटकातून आत शिरले तर सगळं शांत. वीज गेलेली. पॉलिशची मशीनं बंद, खोकीवाले बाहेर खुर्च्या टाकून बसलेले. वर आमच्या खिडकीत अंधार. मी फाटकाशीच घुटमळले. ताई वर असतील तर पॅकिंगच्या टेबलावर असतील, हे मला आत जाऊन बघायचं नव्हतं. डबा वॉचमनकडे ठेवून परत जावं असं मनात आलं.

तेवढ्यात मागून रिक्षा आली. आधी आवाज ऐकू आला. "भैया, अभी गड्ढा आएगा, धीरे. गीली सीट का मैं दूसरा पैसा दूँगी, आप आगे देखो." रिक्षा थांबली. ताई उतरल्या. केस थोडे जास्त पांढरे, हातात बांगड्या नाहीत. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, खाली पाण्याची धार.

त्यांनी मला बघितलं. आश्चर्य वगैरे काही नाही, जणू मी कालही इथेच होते.

"उभी काय राहिलीस? इम्रान वर मीठ फोडतोय. दुसरं टोक धर."

मी चकल्यांचा डबा वॉचमनच्या स्टुलावर ठेवला आणि वाकून दुसरं टोक धरलं. गोणपाटातून गारठा बोटांत शिरला. खवले होतेच.

"किती कड्या?" मी विचारलं.

"बारा," ताई म्हणाल्या. "जिना जपून. आणि बोलू नकोस आता, वितळतंय."